नंदीध्वज, पाठशाळा आणि अर्जातला ‘लीडरशिप’चा रकाना

प्रवेशाचा अर्ज भरायला बसलं, की नाव, पत्ता, गुण, उत्पन्नाचा दाखला इथपर्यंत सगळं भराभर होतं. मग ‘लीडरशिप’ किंवा ‘पोझिशन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी’ असा रकाना येतो आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागतात. मुलगी शाळेची प्रतिनिधी नव्हती, वादविवाद स्पर्धेची ढाल घरात नाही, शाळेत विद्यार्थी संसद कधी भरलीच नाही. पण तीच मुलगी तीन वर्षं दर रविवारी पाठशाळेत लहान मुलांना शिकवत होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आलं तरी ‘ते देवाधर्माचं, ते अर्जात कुठं लिहितात?’ म्हणून बाजूला पडतं.

सोलापुरात असं बाजूला पडणारं काम फार मोठं आहे. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेआधी कित्येक आठवडे नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो आणि त्यात मोठी पोरं लहानांना तोल शिकवतात. गणेशोत्सवात लेझीमचे संघ उभे राहतात. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या असतात, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी रस्त्यावर पाण्याचे आणि फराळाचे मंडप लागतात. जैन पाठशाळा, चर्चमधली रविवारची शाळा, मशिदीतला मकतब, बालसंस्कार वर्ग, बसवेश्वरांची वचनं शिकवणारे वर्ग, मार्कंडेय मंदिराभोवतीची पद्मशाली समाजाची मंडळं, ही सगळी याच शहरातली. तिथे पंधरा-सोळा वर्षांची मुलं आपल्याहून लहान मुलांना सांभाळतात, शिकवतात, वेळेवर घरी पोचवतात. ही जबाबदारी खरी असते आणि अर्जात तिला जागा मिळायला हवी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर पालक नको तिथे वेळ घालवतील. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रवेशांत या रकान्याला काही किंमत नाही, कारण तो रकानाच नाही. वैद्यकीयला नीट, अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटी किंवा जेईई, अकरावीला दहावीचे गुण. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळवायची असेल, तर नीटचा गुणानुक्रम आणि प्रवर्ग बघितला जातो. दिंडीत कुणी किती मुलांना सांभाळलं हे कुणी विचारत नाही. ज्याचं सगळं लक्ष या परीक्षांवर आहे, त्याने ‘प्रोफाइल’ घडवण्याच्या नादात महिने घालवू नयेत. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला, क्रीडा यांचे वाढीव गुण मिळतात, पण ते मान्यताप्राप्त परीक्षा किंवा संस्थेच्या प्रमाणपत्रावर. भजनी मंडळात मृदंग वाजवणाऱ्या मुलाने त्याच्या जोडीला पखवाज किंवा तबल्याच्या रीतसर परीक्षा दिल्या, तर हातातली कला कागदावरही येते. एवढाच त्याचा तिथे उपयोग.

रकाना खरा भरावा लागतो तो इतर ठिकाणी. पुण्याजवळ मुळशीत १९९७पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची महिंद्रा शाखा आहे. अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना तिथे घेताना गुणांच्या पलीकडे जाऊन मुलगा कसा विचार करतो, समाजात काय करतो हे बघतात. अझीम प्रेमजी, अशोका, फ्लेम यांसारख्या विद्यापीठांत परीक्षेबरोबर लेखन किंवा मुलाखत असते. अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांसाठी ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एकच अर्ज चालतो, ब्रिटनसाठी ‘यूकास’. एनडीएची लेखी परीक्षा पास झालेल्या मुलाला सेवा निवड मंडळासमोर, म्हणजे एसएसबीत, जो वैयक्तिक माहितीचा फॉर्म भरावा लागतो, त्यात जबाबदारीच्या पदांचा उल्लेख मागितलेला असतो. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीआधीच्या सविस्तर अर्जातही शाळा-कॉलेजातलं नेतृत्व, छंद, इतर उपक्रम विचारतात. म्हणजे सतराव्या वर्षी ज्याची गरज पडली नाही, त्याची पंचविसाव्या वर्षी पडू शकते.

धार्मिक मंडळातल्या कामाच्या बळावर परदेशी शिक्षणाची दारं उघडल्याचं उदाहरण मराठी माणसाला शोधायला लांब जावं लागत नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ साली जमखंडीचा. घर वारकरी, वडील पंढरीच्या वाटेवरचे. फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते पदवीधर झाले, पुढे मुंबईत कायद्याचा अभ्यास करू लागले आणि प्रार्थना समाजाच्या कामात ओढले गेले. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी त्यांचं नाव पुढे आलं ते याच कामामुळे. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं ते तिथे होते. परत येऊन त्यांनी मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम केलं आणि १९०६ साली ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठी शाळा आणि वसतिगृहं चालवली. महर्षी शिंदे यांचं मोठेपण शिष्यवृत्तीत नाही, हे खरंच. तरी आजच्या विद्यार्थ्याला त्यातून एक नेमकी गोष्ट घेता येते. त्यांनी आपली ओळख लपवली नव्हती, आणि ज्या कामासाठी त्यांना पाठवलं गेलं ते काम त्यांनी आधीच सुरू केलेलं होतं.

सव्वाशे वर्षांनंतर परिस्थिती अर्थातच वेगळी आहे. शिंदे यांची निवड करणारी संस्थाच धार्मिक होती. आजचा अर्ज वाचणारा माणूस बॉस्टनमध्ये किंवा बेंगळुरूत बसलेला असतो. त्याची श्रद्धा कोणती, त्याला श्रद्धा आहे की नाही, हे अर्जदाराला ठाऊक नसतं. म्हणूनच पालकांना भीती वाटते, की धर्माचं नाव दिसलं की मुलाकडे कट्टर म्हणून तर बघणार नाहीत? काही मुसलमान पालक मकतबाचा उल्लेख टाळायला सांगतात, काही ख्रिस्ती पालक रविवारच्या शाळेचा. हिंदू घरांतही आता हा विचार होतो. ही भीती समजण्यासारखी आहे, आणि ‘असं काही नसतं हो’ म्हणून ती उडवून लावणं बरोबर नाही. पण कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीतच ‘धार्मिक’ हा स्वतंत्र प्रकार दिलेला आहे, समाजसेवा, खेळ, संगीत, नोकरी यांच्या बरोबरीने. शिफारसपत्र देणाऱ्यांच्या प्रकारांत शिक्षक आणि प्रशिक्षकांबरोबर धर्मगुरूही आहेत. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारावरच्या प्रवेश धोरणावर बंदी आणली, त्यानंतर अनेक विद्यापीठं ‘तुम्ही ज्या समूहात वाढलात त्याबद्दल लिहा’ असा निबंधच मागू लागली आहेत. म्हणजे वाचणाऱ्याला धर्माचं नाव वाचायची सवय आहे. त्याला कंटाळा येतो तो पोकळ वाक्यांचा.

त्याच कॉमन अ‍ॅपमध्ये ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हाही प्रकार आहे, हे इथे जाता जाता सांगायलाच हवं. आई विड्या वळते, म्हणून धाकट्या भावंडांचा अभ्यास, जेवण, शाळेची ने-आण जिच्याकडे आहे अशा मुली सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी आहेत. त्यांच्याकडे कुठल्याही मंडळात जायला वेळ उरत नाही. त्यांच्या अर्जातला तो रकाना रिकामा राहता कामा नये.

आता लिहायचं कसं? इथे एक अडचण अशी आहे, जी सोलापुरातल्या मुलामुलींना मुंबईच्या मुलांपेक्षा जास्त जाणवते. आपल्याकडे सेवा सांगायची नसते. दिंडीत पाणी वाटलं, मांडवात पत्रावळ्या उचलल्या, हे बोलून दाखवणं हलकं समजलं जातं. ‘मी केलं’ म्हटलं की आजी डोळे मोठे करते. या वळणावर वाढलेला मुलगा अर्जात लिहितो: ‘मला लहानपणापासून भक्तीची आवड आहे. मी मंदिरात निःस्वार्थ सेवा करतो. त्यातून मला नेतृत्वगुण शिकायला मिळाले.’ तीन वाक्यं झाली आणि वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही. किती मुलं होती, ती किती वर्षांची, याने नक्की काय केलं, एखाद्या दिवशी पंचवीसपैकी पाचच आली तेव्हा काय केलं, काहीही नाही.

नम्रतेने लिहायचं असेल तरी हे सगळं लिहिता येतं. भक्ती किती खोल आहे हे अर्ज विचारतच नाही. ते सांगायचं नसेल तर सांगू नये, आणि आजीचं त्याबाबतीत बरोबरच आहे. अर्ज विचारतो, की कुणी तुमच्यावर काय सोपवलं होतं आणि तुम्ही त्याचं काय केलं. आठ-दहा वर्षांची पोरं सांभाळायला दिली होती, ती सांभाळली, हे सांगण्यात अहंकार नाही. ती माहिती आहे.

कॉमन अ‍ॅपमध्ये ही माहिती द्यायला जागा फार थोडी असते. एकूण दहा उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकात पदासाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५०, आणि त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मोजतात. एवढ्यात विशेषणं बसत नाहीत, क्रियापदं आणि आकडेच बसतात. समजा, एखाद्या मुलाने बालसंस्कार वर्ग घेतला आहे. त्याचं वर्णन साधारण असं होऊ शकतं: ‘८ ते १२ वयाची २५ मुलं, गोष्टी कन्नड व मराठीत सांगितल्या, गैरहजर मुलांच्या घरी भेटी, निघताना दोन नवे ताई-दादा तयार केले.’ यात देवाचं नाव नाही, पण ते टाळलेलंही नाही, कारण ते संस्थेच्या नावात येऊन गेलं आहे. या मुलाने वर्ग एकट्याच्या भरवशावर ठेवला नाही, पुढची माणसं तयार केली, हे त्यातून दिसतं. निवड करणाऱ्याची नजर याच ठिकाणी थांबते. आणि आकडे अर्थातच खरे हवेत. २५ मुलं पटावर आणि १२ नियमित येत असतील, तर १२ लिहावं.

भाषांचा मुद्दा सोलापूरच्या मुलाने मुद्दाम लिहावा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत ऐकू येणाऱ्या शहरात, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मराठीत गोष्ट समजावून सांगणं हे इथल्या पोरांना रोजचं वाटतं. ते परक्या वाचणाऱ्याला विशेष वाटतं, आणि ते विशेष आहेच.

नंदीध्वजाचं उदाहरण अधिक कठीण, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी जोडलेल्या या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज असतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच, जड ध्वज पेलत शहरातल्या ६८ लिंगांच्या भेटीला नेतात, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा आणि पुढे होम मैदानावर होमविधी होतो. सोलापूरकराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र ‘नंदीध्वज पेलला’ या दोन शब्दांतून काहीही कळणार नाही, आणि ‘नऊशे वर्षांची परंपरा’ एवढंच लिहिलं तर परंपरा कळेल, मुलगा कळणार नाही. त्याने लिहायचं ते सरावाबद्दल. तोल कसा शिकवतात? नवीन मुलगा घाबरला तर आधी त्याच्याकडून काय करून घेतात? जड ध्वज गर्दीत डगमगला तर भोवतालच्या मुलांनी कुठं उभं राहायचं हे कोण ठरवतं? रात्री उशिरा सराव संपल्यावर लहान पोरांना घरी कोण सोडतं? या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याने नेतृत्व केलं आहे. ज्याने फक्त बाराबंदी घालून फोटो काढला आहे, त्याने यात्रेत भाग घेतला आहे. दोन्ही चांगलं आहे, पण रकाना पहिल्याचा आहे.

दिंडीचंही तसंच. वीणेकरी, चोपदार, टाळकरी, पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मागून येणारा सामानाचा ट्रक, भिशीचा हिशेब, पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन तंबू ठोकणारी मंडळी, अशी दिंडी ही एक चालती व्यवस्था आहे. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नातेपुत्याच्या बाजूने आणि तुकोबांची अकलूजच्या बाजूने सोलापूर जिल्ह्यात शिरते, तेव्हा माळशिरस तालुक्यातली कितीतरी शाळकरी मुलं या व्यवस्थेत हात घालतात. ज्याने तीन दिवस पाण्याच्या टँकरची वेळ सांभाळली, त्याने टँकरबद्दल लिहावं. तासांचा हिशेब करताना मात्र एक पथ्य पाळावं. चालणं ही वारी आहे. नेमून दिलेलं काम ही जबाबदारी आहे. पालखीबरोबर अकरा तास चाललो म्हणून अकरा तासांचं नेतृत्व होत नाही. त्या दिवसात तीन तास काम केलं असेल तर तीन लिहावं. कॉमन अ‍ॅप आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे असे दोन आकडे मागतो. जत्रेसारख्या हंगामी कामात आठवडे थोडे आणि तास जास्त येतील, तर तसंच लिहावं. सरासरी काढून वर्षभर पसरवू नये. तीन आठवड्यांचं काम वाचणाऱ्याला चालतं, पण ५२ आठवड्यांचं दाखवलेलं तीन आठवड्यांचं काम मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

काम थांबलेलं असेल तर? हा प्रश्न फार मुलांचा असतो. नववीत वर्ग घ्यायचो, दहावीला क्लास लागले आणि सुटलं. किंवा घर बदललं. किंवा मनातली श्रद्धाच बदलली. कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रम नववी ते बारावीपैकी कोणत्या वर्षांत केला त्यावर टिक करायचं असतं, आणि पुढे तसं काम करणार का, हेही सांगायचं असतं. नववी-दहावीवर टिक करून पुढे ‘नाही’ म्हणणं पूर्णपणे चालतं. वर्तमानकाळात लिहून ते अजून चालू असल्याचा भास निर्माण करणं चालत नाही. मुलाखतीत कारण विचारलं तर खरं कारण सांगावं. अभ्यास हे कारण लाजिरवाणं नाही. आणि श्रद्धा बदलली असेल, तर तेही शांतपणे सांगता येतं: त्या वेळी मुलांना शिकवण्यात मन लागत होतं, आता धर्माबद्दलचे विचार बदलले आहेत, पण त्या मुलांना शिकवताना जे समजलं ते आजही उपयोगी पडतं. अशा उत्तरात ज्या मंडळाने विश्वास टाकला त्याच्याबद्दल कडवटपणा नको. ज्या घरात अजून तीच श्रद्धा आहे, त्या घरातल्या मुलाला हे सांगणं जड जातं. त्याने ते आई-वडिलांशी आधी बोलून घ्यावं, कारण अर्ज घरातलेही वाचतात.

मंडळाचं नाव बदलून लिहिणं हा मात्र वाईट सल्ला आहे आणि तो सर्रास दिला जातो. अमुक देवस्थानचा बालवर्ग हा एकदम ‘युवा विकास केंद्र’ होतो, मकतबाचं ‘कम्युनिटी लर्निंग सेंटर’ होतं. शिफारसपत्रात खरं नाव येतं, पडताळणीचा मेल त्याच संस्थेकडे जातो आणि मुलाचा सगळाच अर्ज संशयात येतो. मुलाला आपला धर्म सांगायचा नसेल, तर तो उपक्रम वगळण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. वर्गात प्रत्यक्षात वाचन-लेखनच शिकवलं असेल, तर प्रकार ‘धार्मिक’ऐवजी ‘समाजसेवा’ निवडणंही योग्य आहे. नाव तेवढं खरंच ठेवावं.

याच्या उलट टोकाचीही काळजी घ्यावी लागते. मुलांना गोष्टी सांगणं, गाणी शिकवणं, सहलीला नेणं एक. दुसऱ्या धर्मातल्या मुलांना आपल्याकडे ओढणं किंवा इतरांच्या देवाबद्दल वाईट बोलायला शिकवणं दुसरं. कुठल्याही धर्माच्या मंडळात असं काही घडत असेल, तर ते नेतृत्व म्हणून मांडणाऱ्या मुलाकडे निवड समिती सावधपणे बघेल, आणि तिने तसं बघायलाच हवं. सोलापूरच्या ज्या मुलाने आपल्या वर्गात शेजारच्या वेगळ्या धर्माच्या मुलालाही बसू दिलं, डब्यात काय चालतं, काय चालत नाही हे सांभाळलं, त्याने ते जरूर लिहावं. विविध देशांची मुलं एका वसतिगृहात ठेवणाऱ्या शाळांना नेमका असाच मुलगा हवा असतो.

मुलींच्या बाबतीत वेगळाच गुंता असतो. मंडळाचा अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार ही पदं बहुतेक ठिकाणी मुलांकडे आणि पुरुषांकडे जातात. रांगोळीचं नियोजन, प्रसादाचं स्वयंपाकघर, लहान मुलींच्या नाचाची तालीम, आजारी मुलाला घरी पोचवणं हे मुलींकडे येतं, आणि त्याला पद नसतं. अर्जात ‘पद’ असं लिहिलेलं बघून मुलगी तो रकाना सोडून देते. तिने सोडू नये. ‘२० मुलींच्या तालमीची जबाबदारी’ हेसुद्धा त्या पन्नास अक्षरांत लिहिता येतं. नसलेलं ‘सचिव’पद लावून घ्यायची काही गरज नाही. शिफारस लिहिणाऱ्या ताईंनी किंवा गुरुजींनी तेच दोन ओळींत पुष्टीला दिलं, की पुरतं.

ब्रिटनच्या अर्जात मात्र हात आखडता घ्यावा लागतो. २०२६च्या प्रवेशांपासून यूकासचं निवेदन तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत व ते का उपयोगी आहे. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येकाला किमान ३५०. वाचणारे अनेकदा त्या विषयाचे प्राध्यापक असतात. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, मानसशास्त्र यासाठी अर्ज करणाऱ्याने रविवारच्या वर्गाला तिसऱ्या प्रश्नात चांगली जागा द्यावी. गणिताला अर्ज करणाऱ्याने दोन वाक्यांत आटपावं.

एसएसबीत शब्दांपेक्षा माणूसच समोर असतो. तिथे पंधरा अधिकारीगुण तपासतात. संघटनकौशल्य, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, गटावर प्रभाव टाकण्याची क्षमता हे त्यातले. फॉर्मवर ‘गणेश मंडळ लेझीम पथकप्रमुख’ लिहिलं, की पुढचा प्रश्न येतोच: पथकात किती जण? भांडण झालं तेव्हा? मिरवणूक पोलिसांनी थांबवली तेव्हा? वर्गणी कोण जमवायचं, हिशेब कुठं? ज्याने खरोखर पथक बांधलं आहे, त्याची उत्तरं पाठ न करता येतात. सोलापूरच्या आजोबा गणपतीचा उत्सव १८८५पासूनचा, टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाआधीचा, असं इथे अभिमानाने सांगितलं जातं. पण मुलाखतीत त्या अभिमानाला गुण नाहीत, वर्गणीच्या चोख हिशेबाला आहेत.

पुराव्याचं काय, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर अशी नोंद कॉलेजच ठेवतं. पाठशाळेत किंवा दिंडीत तशी नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून एक साधी वही घालावी: तारीख, किती मुलं आली, काय शिकवलं, काय बिनसलं. ‘काय बिनसलं’ ही ओळ सगळ्यांत मोलाची, कारण वर्षभराने निबंध लिहायला बसल्यावर खरी गोष्ट तिथेच सापडते. वहीत मुलांची पूर्ण नावं नकोत, आणि लहान मुलांचे फोटो अर्जाला जोडू नयेत. त्यांच्या पालकांनी आपली मुलं वर्गात पाठवली होती, दुसऱ्या कुणाच्या अर्जात नाही. देवस्थानच्या कार्यालयातून लेटरहेडवर ‘सदर विद्यार्थी अत्यंत होतकरू असून’ असं प्रमाणपत्र आणण्यापेक्षा, ज्या माणसाने काम प्रत्यक्ष पाहिलं त्याचं साधं पत्र बरं. वर्ग चालवणाऱ्या गुरुजींना, मौलानांना, फादरना इंग्रजी येत नसेल तर त्यांनी मराठीत किंवा उर्दूत सांगावं, शाळेतल्या शिक्षकांनी ते भाषांतरित करून द्यावं आणि भाषांतर केल्याचं खाली नमूद करावं. त्यांच्या नावाने मुलाने स्वतः इंग्रजी पत्र लिहून सही घेणं ही फसवणूक आहे, मग सही देणारा कितीही प्रेमाने देवो.

काही पालक बारावीच्या जूनमध्ये जागे होतात आणि मुलाला एकदम कुठल्यातरी सेवाकार्याला जुंपतात. चार महिन्यांचं असं काम वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं, आणि मुलालाही त्यात जीव नसतो. आठवीपासून जो मुलगा आपल्या आवडीने लेझीम शिकवतो आहे, त्याला ते शिकवू द्यावं. ‘अभ्यास सोड आणि देव देव कर’ असं कुणी म्हणत नाही, पण रविवारचे दोन तास हिसकावून घेऊन चार महिन्यांनी ‘लीडरशिप कुठाय?’ असं विचारणं मुलावर अन्याय आहे.

आता तारखांचा विचार करावा, कारण सोलापुरात त्या नेमक्या अंगावर येतात. कॉमन अ‍ॅप दर वर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची नियमित मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपते. यूकासची २०२६च्या प्रवेशांसाठीची मुख्य मुदत होती १४ जानेवारी, म्हणजे ऐन संक्रांत. त्या दिवसांत शहर यात्रेत असतं, घरात पाहुणे असतात, आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असतात. ज्याला नंदीध्वजाच्या सरावाला जायचं आहे, त्याने उपक्रमांची यादी गणपतीच्या आत, निबंधाचा पहिला मसुदा दिवाळीच्या सुट्टीत आणि शिफारसपत्रांची विनंती नवरात्राआधी करावी. पत्र लिहिणाऱ्या गुरुजींनाही डिसेंबरच्या शेवटी वेळ नसतो. यात्रेची तयारी त्यांनाही असते.